फरशी ओली होती, एवढं पुरत नाही

घसरून पडलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो? आजूबाजूला बघतो. कुणी पाहिलं तर नाही ना? मग घाईघाईने उठतो, कपडे झटकतो, "काही नाही, काही नाही" म्हणत लंगडत निघून जातो. खरं दुखणं तासाभराने सुरू होतं आणि मनगट मोडलंय हे संध्याकाळी एक्स-रे बघून कळतं. तोवर तिकडे लॉबीत कुणीतरी पोछा मारून गेलेलं असतं. फरशी कोरडी आणि चकचकीत. तिथे पाणी होतं हे आता फक्त पडलेल्या माणसालाच माहीत.

ऑफिस, कारखाना, गोदाम, दुकान, इस्पितळ अशा कुठल्याही कामाच्या इमारतीत कुणी असं पडलं, तर जबाबदार कोण? हा प्रश्न निघाला की लोक दोन गटांत वाटले जातात. एक गट म्हणतो, इमारत त्यांची, तर भरपाई त्यांनीच द्यायची. दुसरा म्हणतो, डोळे होते ना, बघून चालायला काय झालं होतं? दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. नुसतं पडण्याने कुणी दोषी ठरत नाही आणि पडणारा आपोआप मूर्खही ठरत नाही. बहुतेक देशांतली न्यायालयं फिरून फिरून ज्या प्रश्नापाशी येतात तो ऐकायला अगदी साधा आहे: ते पाणी तिथे किती वेळ होतं, आणि तेवढ्या वेळात कुणी काय केलं?

हे सगळ्यात छान कळतं ते केळ्याच्या दोन सालींवरून. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांच्या अंतराने दोन निकाल दिले. दोन्हींत प्रतिवादी रेल्वे कंपनी, दोन्हींत प्रवासी स्टेशनवर पडलेला, आणि दोन्हींत कारण केळ्याची साल. १९०१ च्या निकालात प्रवासी हरला. न्यायालयाचं म्हणणं असं की साल फलाटावर होती हे मान्य, पण ती मिनिटभरापूर्वी गाडीतून उतरणाऱ्या एखाद्या प्रवाशानेच टाकलेली असू शकते. मग कंपनीने ती उचलायची कधी? १९११ च्या निकालात मात्र पडलेली बाई जिंकली. फरक होता सालीच्या अवस्थेचा. ही साल काळी पडली होती, चपटी झाली होती, कोरडी होती, तिच्यावर माती बसली होती, बऱ्याच जणांच्या पायाखालून गेलेली दिसत होती. म्हणजे ती बराच वेळ तिथे होती, आणि फलाटावर लक्ष ठेवणं ज्यांचं काम, त्यांना ती दिसायला हवी होती.

सालीच्या रंगावरून वेळ मोजणारं न्यायालय मला फार आवडतं. पंचाईत अशी की पाणी काळं पडत नाही. म्हणून पाण्याच्या बाबतीत दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात. थारोळ्याच्या कडा वाळून पांढऱ्या झाल्या होत्या का? त्यातून आधीच बुटांचे ठसे आणि ट्रॉलीच्या चाकांचे पट्टे गेले होते का? वर छताला गळतीचा जुना पिवळा डाग होता का? आणि सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे बादली. गळतीखाली कुणी बादली आणून ठेवली असेल, तर गळती माहीत नव्हती असं म्हणायची सोयच उरत नाही.

धोक्याशी मालकाचा संबंध तीन तऱ्हांनी जोडता येतो. पहिली, धोका त्यांच्याच माणसांनी केला: सफाईवाल्याने साबणाचं पाणी सांडून तसंच ठेवलं, यंत्रातलं तेल काढताना सुपरवायझरने खाली काही अंथरलं नाही. इथे पाणी किती वेळ होतं हा प्रश्न जवळजवळ गळून पडतो, कारण स्वतःच केलेल्या गोष्टीची कल्पना नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही. दुसरी, धोका दुसऱ्याने केला पण त्यांना कळवलेलं होतं: तक्रारीचा ईमेल, वहीतली नोंद, "तिथे सांभाळून जा हं" असं कुणीतरी सहज बोललेलं वाक्य. तिसरी सगळ्यात वादाची. त्यांना माहीत नव्हतं, पण नीट लक्ष ठेवलं असतं तर कळलं असतं. सालीचा दुसरा खटला या तिसऱ्या जातीचा.

या तिसऱ्या जातीत पडलेल्या माणसावर मोठा अन्याय होऊ शकतो. तो पाठीवर आडवा पडलेला असताना पाणी किती मिनिटं होतं हे त्याने कसं सिद्ध करायचं? इंग्लंडमधल्या अपील न्यायालयाने १९७६ साली, वॉर्ड विरुद्ध टेस्को या खटल्यात, याची एक वाट काढली. टेस्कोच्या दुकानात एक ग्राहक बाई सांडलेल्या दह्यावरून घसरली. दही कधी सांडलं ते कुणालाच सांगता येईना. कंपनीची स्वतःचीच माहिती अशी की त्या दुकानात आठवड्यातून दहाएक वेळा काहीतरी सांडतं. बहुमताने निकाल आला तो असा: सांडलवंड नेहमीची असेल, तर ती लगेच पुसण्याची चोख व्यवस्था होती आणि तरीही हा अपघात झाला, हे दाखवण्याची जबाबदारी दुकानावर येते. कंपनीला ते दाखवता आलं नाही. या खटल्यातला एक तपशील मला विसरता येत नाही. पडल्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी हीच बाई पुन्हा त्याच दुकानात गेली होती. फरशीवर संत्र्याचा रस सांडलेला दिसला, तर ती तिथेच थांबून बघत राहिली. पंधराएक मिनिटं कुणी पुसायला आलं नाही. हे तिने कोर्टात सांगितलं. वकिलांची फौज बाजूला राहिली आणि पंधरा मिनिटं उभं राहणं कामी आलं.

दुकान ग्राहकासाठी दुकान असलं तरी गल्ल्यावर बसणाऱ्यासाठी कामाचीच जागा असते, म्हणून हे नियम इथे लागू पडतात. पण आता थेट कारखान्यात जाऊ.

वाजवी म्हणजे किती?

१९५० साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या कारखान्यात मुसळधार पावसाचं पाणी शिरलं. जमिनीतल्या चरांमधून यंत्रं थंड ठेवणारं तेलकट पाणी वाहत असे. पुराचं पाणी त्यात मिसळलं, ते जमिनीवर पसरलं आणि ओसरताना सगळीकडे तेलाचा पातळ थर ठेवून गेलं. कंपनीने हातात होता तेवढा लाकडाचा भुसा पसरला, पण कारखाना इतका मोठा की भुसा पुरला नाही. रात्रपाळीचा एक कामगार जड पिंप हलवत होता. भुसा न पडलेल्या जागी त्याचा पाय सरकला आणि घोट्याला जबर दुखापत झाली.

लॅटिमर विरुद्ध एईसी या नावाने हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि १९५३ मध्ये कामगार हरला. लॉर्ड्सनी प्रश्न असा मांडला की समंजस मालकाने त्या रात्री अजून काय करायला हवं होतं? उरला होता एकच उपाय, अख्खा कारखाना बंद ठेवणं. धोका तेवढा मोठा होता, असं पुराव्यावरून दिसत नाही, असं ते म्हणाले.

कायद्यातली 'वाजवी काळजी' म्हणजे हा तराजू आहे. एका पारड्यात अपघात होण्याची शक्यता आणि झाला तर होणारी इजा, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा खर्च आणि खटाटोप. पायपुसणं अंथरायला जवळजवळ काहीच लागत नाही, म्हणून ते न अंथरण्याला सबब नाही. अख्खी इमारत रिकामी करणं फार झालं. बहुतेक भांडणं या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात होतात. निकाल मला आजही थोडा कोरडा वाटतो, कारण तराजूच्या दोन्ही पारड्यांत मालकाचीच सोय जास्त बसली असं वाचताना जाणवतं. पण तर्क कळतो.

तर्क कळला तरी कायदेमंडळाला तो पुरेसा वाटला नसावा. त्या काळच्या ब्रिटिश कारखाना कायद्यात जमीन 'नीट बांधलेली आणि नीट राखलेली' असावी एवढंच होतं, आणि तेलाचा तात्पुरता थर म्हणजे जमीन नीट न राखणं नव्हे, असा अर्थ लॉर्ड्सनी लावला होता. १९६१ च्या ब्रिटिश कायद्यात मग वेगळे शब्द आले: जमिनीवर माणूस घसरेल असा पदार्थ, शक्य असेल तिथवर, राहू देता कामा नये. भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३२ मध्येही, अडथळे आणि घसरवणारे पदार्थ नसावेत, असे शब्द नंतर घातले गेले.

पडलं कोण, यावर वाट ठरते

एकच ओली पायरी. तिच्यावरून एका आठवड्यात तीन माणसं पडली असं समजा: त्या कंपनीची अकाउंटंट, मीटिंगला आलेला पाहुणा आणि लिफ्ट दुरुस्त करायला आलेला कंत्राटदाराचा माणूस. फरशी तीच, मोडलेलं हाडही तेच, तरी तिघांना तीन वेगळ्या दारांतून आत जावं लागेल.

अकाउंटंटचं दार सगळ्यात जुन्या भांडणातून उघडलं आहे. एकोणिसाव्या शतकात कामगाराने मालकावर दावा लावणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं होतं. १८३७ च्या एका इंग्रजी निकालातून असा नियम वाढला की सहकाऱ्याच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. वर हेही होतं की धोका माहीत असून कामाला आलास म्हणजे तो पत्करलास. आणि तिसरं, तुझी स्वतःची जराशी जरी चूक असेल तरी एक पैसा मिळणार नाही. या तीन कुलपांपुढे कुणाचा दावा टिकणार?

तोड निघाली ती न्यायालयाला वळसा घालून. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८४ मध्ये, अपघात विम्याचा कायदा झाला. ब्रिटनने १८९७ मध्ये भरपाईचा कायदा केला, अमेरिकेतली राज्यं १९११ पासून त्या मार्गाला लागली, भारतात १९२३ चा कायदा आला. सगळ्यांमागची कल्पना एकच: चूक कुणाची हे विचारायचंच नाही. इजा कामावर असताना आणि कामामुळे झाली का, एवढं बघायचं. झाली असेल तर ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे भरपाई. पाणी किती वेळ होतं, बादली होती का, काही विचारायचं नाही.

हा सौदा आहे हे लक्षात घ्या. कामगाराला खात्रीचे पैसे मिळतात, पण ते हिशोबी असतात. त्यात पगाराचा भाग, उपचार, अपंगत्वाची टक्केवारी येते. वेदनेचे, मानसिक त्रासाचे पैसे सहसा येत नाहीत. बदल्यात अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत स्वतःच्या मालकावर हयगयीचा दावा लावायचा हक्क जातो. ब्रिटनमध्ये तो हक्क शाबूत आहे. भारतात १९२३ च्या कायद्याने (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) दोनांपैकी एकच वाट धरता येत असे: त्या कायद्याखाली अर्ज किंवा दिवाणी दावा. म्हणून कागदावर सही करण्याआधी आपण कुठल्या दारातून आत जातोय हे विचारून घ्यावं. एकदा आत गेलं की दुसरं दार मागे बंद होऊ शकतं.

'कामावर असताना आणि कामामुळे' या चार शब्दांवर मात्र शतकभर वाद चालू आहेत. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्याच जिन्यावर पडलो तर? बहुतेक ठिकाणी ते कामावरच धरलं जातं, कारण जागा मालकाच्या ताब्यातली आहे. चक्कर येऊन सपाट, कोरड्या जमिनीवर पडलो तर? इथे अवघड होतं. ती चक्कर आपली, कामाची नाही. पण तीच चक्कर उंच पायरीवर आली, किंवा पडताना डोकं यंत्राच्या कोपऱ्यावर आपटलं, तर कामाने धोका वाढवला असं म्हणता येतं.

उलटा मुद्दाही आहे. "हाडं मुळातच ठिसूळ होती, दुसरा कुणी असता तर नुसतं खरचटलं असतं," हा बचाव हयगयीच्या दाव्यात सहसा चालत नाही. ज्याला पाडलंत तो जसा आहे तसाच तुमच्या पदरात पडतो.

आता पाहुणा. त्याला भरपाईच्या कोष्टकाचा उपयोग नाही, कारण तो कर्मचारी नाही. त्याला हयगय सिद्ध करावी लागते, आणि ती जागेच्या ताबेदाराविरुद्ध, म्हणजे जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याविरुद्ध. याचं मूळ १८६६ च्या एका इंग्रजी खटल्यात आहे, आणि तो खटला कामाच्या इमारतीचाच आहे. साखर शुद्ध करण्याच्या कारखान्यात गॅसची जोडणी तपासायला एक कारागीर आला आणि मजल्यावरच्या कठडा नसलेल्या उघड्या भोकातून खाली पडला. कारखान्यातल्या माणसांना ते भोक पाठ होतं, त्याला ते असणार हे ठाऊक नव्हतं. न्यायालय म्हणालं, कामानिमित्त बोलावलेल्या माणसाला अनपेक्षित धोक्यापासून वाचवायची वाजवी काळजी घ्यायलाच हवी. आपला लिफ्टवाला थेट या कारागिराच्या वंशातला. एक फरक असा की स्वतःच्या धंद्यातला धोका त्याने स्वतः ओळखावा अशी अपेक्षा असते. लिफ्टच्या खड्ड्यातल्या वंगणाबद्दल त्याने मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. लॉबीतल्या पाण्याबद्दल जरूर द्यावा.

ताबा कुणाचा?

मोठ्या इमारतीत मालक एक, भाडेकरू चार, देखभाल करणारी कंपनी तिसरीच आणि सफाईचं कंत्राट चौथ्याकडे. अपघात झाला की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. इथे कायदा मालकीचा कागद बघत नाही, ताबा बघतो. त्या पायरीवर, त्या दिवशी, कुणाचा शब्द चालत होता? दिवा बदलायचं, गळती बंद करायचं, दोरी बांधून रस्ता अडवायचं कुणाच्या हातात होतं?

१९६६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने एका जिन्याच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. एका पबच्या वरच्या मजल्यावर मॅनेजर राहत होता आणि तिथे पाहुणे ठेवत होता. इमारत मद्य कंपनीची. जिन्याचा कठडा शेवटच्या पायऱ्यांच्या आधीच संपत होता आणि वरचा दिवा नव्हता. एक पाहुणा अंधारात उतरताना पडला आणि त्यात दगावला. लॉर्ड्सनी ठरवलं की एका जागेचे ताबेदार एकापेक्षा जास्त असू शकतात. कंपनीही आणि मॅनेजरही. मात्र दोघांपैकी कुणाचीच हयगय सिद्ध झाली नाही. ताबा असणं आणि चुकणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दावा लावणारे बरेच जण पहिलीवरच थांबतात. भाडेकराराच्या बाबतीत ढोबळ नियम असा की कार्यालयाच्या आतली फरशी भाडेकरूची, सामायिक जिना, लॉबी आणि पार्किंग मालकाचं. करारात वेगळं लिहिलं असेल तर तो करार आधी वाचावा.

"सफाई आम्ही बाहेरच्या कंपनीला दिलीय, त्यांना विचारा," हे वाक्य पाहुण्याच्या बाबतीत थोडंफार चालू शकतं, कंत्राटदार नीट निवडला असेल तर. स्वतःच्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत सहसा चालत नाही. कामाची सुरक्षित जागा देणं ही मालकाची स्वतःची जबाबदारी आहे, ती दुसऱ्याच्या गळ्यात घालून हात झटकता येत नाहीत, असं लॉर्ड्सनी १९३७ सालीच एका कोळसा खाणीच्या खटल्यात सांगितलं आहे. काम दुसऱ्याला देता येतं, जबाबदारी नाही.

आणि या सगळ्यात जी सगळ्यात जास्त वेळ ओल्या फरशीवर उभी असते, ती पोछा मारणारी बाई? ती कंत्राटदाराची कामगार. इमारतीच्या कंपनीच्या पगारपत्रकावर तिचं नाव नसतं. भारताच्या १९२३ च्या कायद्यात तिच्यासाठी कलम १२ होतं: कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम कंत्राटदाराकडून करून घेतलं, तर भरपाई मूळ मालकाकडे मागता येत असे. त्याने ती मग कंत्राटदाराकडून वसूल करायची. ही तरतूद तिला कुणी सांगत नसे.

"पण बोर्ड लावला होता की!"

पिवळा, तिकोनी, घसरणाऱ्या माणसाचं चित्र असलेला तो बोर्ड लावला की आपण सुटलो, असं बऱ्याच मॅनेजरांना वाटतं. ब्रिटनच्या १९५७ च्या कायद्यात नेमकं लिहिलंय की नुसत्या इशाऱ्याने जबाबदारी संपत नाही. त्या इशाऱ्यामुळे माणूस खरोखर सुरक्षित राहू शकत होता का ते बघायचं. बोर्ड लिफ्टच्या दारातच असेल आणि लिफ्टकडे जायचा दुसरा रस्ताच नसेल, तर वाचून करायचं काय? उडी मारायची? जो बोर्ड बारा महिने चोवीस तास एकाच कोपऱ्यात उभा असतो, त्याचं तर फर्निचर झालेलं असतं. कोरड्या फरशीवर रोज तो पाहणाऱ्याला ओल्या फरशीवर तो दिसत नाही.

तरी पडणाऱ्याची चूक मोजली जातेच. मोबाइलमध्ये बघत उतरत होता, कठडा धरला नव्हता, अडवलेल्या दोरीखालून गेला. पूर्वी एवढ्याने दावा संपायचा. आता बहुतेक ठिकाणी टक्केवारी लावतात: दोष तीस टक्के तुमचा, तर भरपाईतून तीस टक्के वजा. ब्रिटनमध्ये हे १९४५ पासून आहे. अमेरिकेत अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियात मात्र हयगयीच्या दाव्यात जुना नियम अजून जिवंत आहे. तिथे एक टक्का चूकही सगळं बुडवू शकते. भरपाईच्या कोष्टकात, म्हणजे कर्मचाऱ्याच्या दारात, साध्या बेसावधपणाने काही कापलं जात नाही; दारू पिऊन येणं किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं वेगळं.

घसरणं मोजता येतं

फरशी गुळगुळीत होती की नाही हे दोघांच्या शब्दांवर ठरवायची गरज नाही. चालताना टाच जमिनीला टेकते तो क्षण सगळ्यात नाजूक असतो. वजन पुढे सरकत असतं, टाचेचा छोटासा मागचा काठच टेकलेला असतो, आणि मध्ये पाण्याचा केसाएवढा थर असला तर रबर जमिनीला भिडतच नाही, तरंगतं. खडबडीत लादीच्या सूक्ष्म टोकांना हा थर फोडता येतो. आरशासारख्या लादीला येत नाही. म्हणून कोरडेपणी दोन्ही लाद्या सारख्याच वाटतात आणि ओल्या झाल्या की एकदम वेगळ्या वागतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत १९४० च्या दशकात यासाठी एक लोलक तयार झाला. त्याच्या टोकाला टाचेसारखा रबराचा तुकडा असतो. तो झोक्यासारखा सोडायचा, फरशीला घासून जाऊ द्यायचा, आणि घासल्यामुळे त्याचा झोका किती कमी झाला ते काट्यावर वाचायचं. ब्रिटनमधल्या पद्धतीत ३६ किंवा जास्त आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी, २५ ते ३५ मध्यम, २४ किंवा खाली तर मोठा. मापन फरशी ओली करून करायचं, नाहीतर त्याला अर्थ नाही. जर्मन पद्धत आणखी गमतीची: एक माणूस दोरीने बांधून घेऊन तेल लावलेल्या उतारावर चालतो आणि पाय सुटेपर्यंत उतार वाढवत नेतात. लादीच्या खोक्यावर आर ९ ते आर १३ असं लिहिलेलं असतं ते त्यातून येतं.

वास्तुरचनाकाराने प्रवेशदारात चकाकता दगड बसवला, तेव्हाच अर्धा खटला तयार झालेला असतो.

पडल्यावर काय उरतं?

फोटो. उठायच्या आधी, किंवा शक्य नसेल तर बरोबरच्याकडून, फरशीचा, वरच्या छताचा आणि बोर्ड होता का नव्हता त्याचा. मग लेखी कळवणं. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा असं त्याच दिवशी लिहून मागायला हवं, कारण बऱ्याच यंत्रणा ठरावीक दिवसांनी जुन्यावरच नवं उमटवत जातात. दाव्याची मुदत प्रत्येक देशात वेगळी: ब्रिटनमध्ये साधारण तीन वर्षं, भारताच्या १९२३ च्या कायद्यात ती दोन वर्षं होती.

इमारतवाल्यांच्या बाजूने सगळ्यात भारी कागद म्हणजे सफाईचा तक्ता. स्वच्छतागृहाच्या दारामागे टांगलेला असतो तो. दर तासाला एक सही. हा तक्ता खरा असेल तर वॉर्ड खटल्यातल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे: दोनला पाहिलं, कोरडं होतं, दोन वाजून दहा मिनिटांनी माणूस पडला. पण दुपारी तीन वाजता त्या तक्त्याजवळ जाऊन बघा. कित्येकदा पाचपर्यंतच्या सह्या झालेल्या असतात, एकाच पेनाने, एकाच तिरक्या हाताने. असा तक्ता कोर्टात आला की त्याच्यावरच्या खऱ्या सह्याही खोट्या होतात.

अपघातानंतर पायपुसणं टाकलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल, या भीतीने काही जण दुरुस्तीच करत नाहीत. अमेरिकेच्या संघीय पुरावा नियमांतला ४०७ क्रमांकाचा नियम याच भीतीवर उतारा आहे: नंतर केलेली दुरुस्ती आधीची हयगय सिद्ध करायला वापरता येत नाही. पायपुसणं आधी टाका.

आणि बूट. त्या दिवशी पायात होते ते बूट पुन्हा घालू नका, धुऊ नका, फेकू तर मुळीच नका. पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. "तळवे झिजलेले होते" हा समोरच्याचा पहिला मुद्दा असतो, आणि तळवे कुणी दाखवलेच नाहीत तर तो खोडून काढायला काहीच हाती राहत नाही.